नणंदेची बाटली आणि सकाळची थायरॉइडची गोळी

(पाळी, गरोदरपण आणि रजोनिवृत्ती यांविषयीच्या वाचकांच्या पत्रांना फोंड्यातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी डिचोलीची, वय ४९. एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. आठ महिने झाले, पाळी आलेली नाही. त्याआधी वर्षभर कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी असं चाललं होतं. त्रास आहे तो वाफांचा. नोटा मोजताना अचानक छातीपासून कानापर्यंत भडका उठतो, ब्लाउज भिजतो आणि समोरचा माणूस विचारतो, "बाई, बरं वाटत नाही का?" रात्री तीनच्या सुमाराला तसाच घाम फुटून जाग येते, मग झोप म्हणून लागत नाही. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळार असलें कांय नासलें" (आमच्या वेळी असलं काही नव्हतं).

माझी नणंद घरोघरी माल विकणाऱ्या एका कंपनीचं काम करते. "सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य" म्हणत तिने बायकांसाठीची कॅप्सूल दिली. साठ कॅप्सूलची बाटली १८५० रुपये. बाटलीवर ब्लॅक कोहोश, सोया आयसोफ्लेवोन, अश्वगंधा, शतावरी, कॅल्शियम आणि बायोटिन असं लिहिलंय. मला थायरॉइडची ७५ ची गोळी चालू आहे. विसरायला नको म्हणून कॅप्सूल सकाळी तिच्याबरोबरच घेते. आता दुसरी बाटली चालू आहे. वाफा थोड्या कमी झाल्यासारख्या वाटतात, पण छातीत धडधडायला लागलंय. हे चालू ठेवू का? की त्यापेक्षा दुधातून शतावरी कल्प आणि जोडीला जवस घेऊ? फार्मसीवाला म्हणाला, हॉर्मोनच्या गोळ्याही असतात, पण त्यांनी कॅन्सर होतो असं ऐकलंय. आणि नणंदेला नाही कसं म्हणू, तेही सांगा.

उत्तर : ताई, बाटलीवरची यादी पूर्ण उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना "आणखी काय घेता?" विचारलं की "काही नाही" म्हणतात, आणि मागाहून पिशवीतून तीन डबे निघतात. कल्प, चूर्ण, कॅप्सूल यांना त्या औषधांत धरतच नाहीत.

आधी धडधडीचं बोलू, ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. कॅप्सूल आजपासून बंद. या आठवड्यात टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या आणि जमल्यास त्याच फेरीत ईसीजी काढा. त्या बाटलीत तुमच्या थायरॉइडच्या गोळीला दोन विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या गोष्टी आहेत. कॅल्शियम आणि सोया पोटात त्या गोळीबरोबर गेले की गोळी नीट शोषली जात नाही, म्हणजे ७५ घेऊनही अंगी कमीच लागते. उलट अश्वगंधेने काही जणींमध्ये थायरॉइडचं हॉर्मोन वाढतं, आणि ते वाढलं की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. म्हणजे ज्या त्रासासाठी कॅप्सूल घेतलीत, तसाच त्रास तीच देऊ शकते. तुमच्यात नेमकं काय झालंय ते रक्त सांगेल. रजोनिवृत्तीच्या काळात नुसतीही धडधड होते, पण ती "नुसती" आहे हे तपासल्यावरच म्हणायचं.

एक बारकावा. बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर घेतलेलं असेल तर थायरॉइडच्या चाचणीचे आकडेच चुकीचे येऊ शकतात. म्हणून कॅप्सूल थांबवून दोन-तीन दिवस गेल्यावरच रक्त द्या, आणि लॅबमध्ये "हे घेत होते" असं सांगा. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर मात्र दिवस मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. इथून पुढे थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. असं नीट सहा आठवडे झाले की टीएसएच पुन्हा एकदा बघायचं, कारण डोस बरोबर आहे का ते तेव्हाच कळतं.

आता बाटलीतल्या एकेका वस्तूविषयी. ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातली वनस्पती. तिथले मूळ रहिवासी तिची मुळी वापरत, पुढे जर्मनीत तिच्या गोळ्या खूप चालल्या. तिच्यावर अभ्यासही बरेच झाले. २०१२ साली ते सगळे एकत्र तपासले, तेव्हा वाफांवर ती औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त काम करते असं दिसलं नाही. क्वचित कोणाच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, शिवाय तिच्या नावाखाली दुसऱ्याच जातीची मुळी विकलेली आढळली आहे. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं यांतलं काही असेल तर एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणीही करा.

सोयाची गोष्ट जरा बरी आहे. त्यातली द्रव्यं इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनसारखी, पण फार सौम्य वागतात. २०१६ मधल्या एका मोठ्या आढाव्यात अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी दिवसाच्या वाफा थोड्या कमी झालेल्या दिसल्या, रात्रीच्या घामावर मात्र परिणाम नव्हता. गुण सगळ्यांना सारखा येत नाही, कारण सोयातल्या एका द्रव्याचं आतड्यातले जंतू आणखी प्रभावी रूप बनवतात, आणि ते जंतू प्रत्येकीच्या पोटात नसतात. हौस असेल तर जेवणात सोयाचे वडे किंवा टोफू खा, थायरॉइडच्या गोळीपासून दूर ठेवून. त्यासाठी १८५० रुपये नकोत.

शतावरीवर माझा राग नाही, आमच्याही घरात कल्पाचा डबा असायचा. आयुर्वेदात ती बायकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पण वाफांवर तिचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. आणि बाजारातल्या कल्पाच्या डब्यात शतावरीपेक्षा साखरच पुष्कळ जास्त असते. २०२३ साली आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची देशभरची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा रोज रात्री दोन चमचे साखर औषध समजून घेण्याआधी आपली साखर तपासा. घ्यायचीच तर साध्या चूर्णाच्या रूपात, शिकलेल्या वैद्याला विचारून आणि थायरॉइडचं त्यांच्या कानावर घालून. जवसाची चाचणी अमेरिकेत २०१२ मध्ये झाली, वाफांना त्याने फरक पडला नाही. पोट साफ राहायला मात्र उत्तम, म्हणून चटणी जरूर करा.

"थोड्या कमी झाल्यासारख्या वाटतात" हे तुमचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण वाफांवरच्या जवळपास प्रत्येक चाचणीत साखरेची गोळी घेणाऱ्या बायकांच्याही वाफा बऱ्यापैकी कमी होतात. शिवाय वाफा आपल्या आपणही कमी-जास्त होत असतात. म्हणून काहीही नवं सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत टिपून ठेवा. दिवसा किती, रात्री किती, झोप किती वेळा मोडली. पतसंस्थेत हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काय सांगायचं! मग एका वेळी एकच गोष्ट, तीन महिने, आणि वहीत फरक दिसला नाही तर बंद. सहा वस्तू एका कॅप्सूलमध्ये कोंबल्या की गुण कशाचा आणि अपाय कशाचा, ते कोणालाच कळत नाही.

वाफ का येते? मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन उतरलं की ते हळवं होतं आणि जराशा उष्म्यानेही घाम काढून अंग थंड करायला धावतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट की तो घाम वाळतच नाही, त्यामुळे तीच वाफ आपल्याला जास्त छळते. काउंटरवर छोटा पंखा ठेवा, सुती कपडे घाला, कढत चहा कोमट करून प्या. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात संध्याकाळी एखादा ग्लास घेणाऱ्यांनी, रात्रीच्या घामाचा त्याच्याशी संबंध लागतो का, तेही वहीत लिहावं. डिचोलीच्या कॅशियरबाईंना हे कशाला, असं म्हणाल, पण माझं सदर सगळ्या तालुक्यांत वाचतात.

आता हॉर्मोन. ही भीती २००२ सालची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दोन हॉर्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला : दर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जणी जास्त. बातमी जगभर गेली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र मागेच राहिलं. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, खरोखर त्रास असलेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा धोक्यापेक्षा फायदाच जास्त होतो. वाफांवर इतकं चांगलं काम दुसरं काहीच करत नाही. त्वचेला लावायचं जेल घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोकाही गोळीपेक्षा कमी. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार होऊन गेलाय, किंवा जिचं कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे, त्यांना हॉर्मोन द्यायचे नाहीत. त्यांच्यासाठी हॉर्मोन नसलेली औषधं आहेत, नैराश्याच्या काही औषधांचे कमी डोस त्यांतच येतात. विचारांची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो, झोपेसाठी तर विशेष. मात्र तुमचं टीएसएच जागेवर आल्याशिवाय मी यातलं काहीच सुरू करणार नाही.

आणि आठ महिने म्हणजे पाळी गेली असं नव्हे. सलग बारा महिने आली नाही तर गेली म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात, विसरू नका.

हाडांसाठी कॅल्शियम लागतंच, या वयानंतर दिवसाला १२०० मिलीग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतं. नाचणीची आंबील किंवा तिझण, दही, तीळ, काट्यासकट खाता येणारे पेडवे-तारल्यांसारखे बारीक मासे, यांतून बरंचसं भागतं. उरलेलं गोळीने, दुपारच्या जेवणानंतर.

राहिली नणंद. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" असं बहुधा इंग्रजीत छापलेलं असेल, पोषणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ते लिहावंच लागतं. ती ओळ तिला वाचून दाखवा आणि सांगा, "डॉक्टरनी थायरॉइडमुळे बंद केलं." सगळा दोष माझ्यावर ढकला, मला सवय आहे. तिला तरी कुणी नीट सांगितलंय? तिच्या बाकी गिऱ्हाइकांतही थायरॉइडची गोळी घेणाऱ्या असतील, तेवढं तिच्या कानावर घाला.

प्रश्न : वय ५६. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोन दिवस थोडं रक्त दिसलं. शेजारणीने अशोकारिष्ट दिलं, ते घेतल्यावर थांबलं. उष्णतेने झालं असेल का?
— एक वाचक, बांदोडा

उत्तर : नाही. आणि थांबलं म्हणून बरं झालं असंही नाही. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी कसलाही काढा, अरिष्ट, कॅप्सूल न घेता याच आठवड्यात तपासायला जा. बहुतेकींमध्ये कारण साधं असतं, आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली. पण साधारण दहांतल्या एकीत ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं लक्षण असतं, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, गरज पडली तर तुकडा तपासायला घेतात. फोंड्यात किंवा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, जिथे सोयीचं पडेल तिथे, पण जा.

प्रश्न : माझी पत्नी ५१ वर्षांची. हल्ली लगेच चिडते. रात्री पंखा पाचवर ठेवते, मला थंडी वाजते. तिला एखादं चांगलं नैसर्गिक टॉनिक सुचवा.
— पेडणे

उत्तर : मे महिन्यात दुपारी चुलीपुढे कोण उभं असतं ते लिहिलं नाहीत. टॉनिक नको. रात्रभर घामाने जागी राहणारी बाई चिडणारच. तिला डॉक्टरकडे न्या आणि आत तिच्याबरोबर बसा, बाहेर मोबाइल बघत नव्हे. उदासी फार वाटत असेल तर तेही तिथे सांगू द्या. पंखा पाचवरच राहू दे, तुम्ही गोधडी घ्या.