यूव्ही दिव्याने हवा ‘शुद्ध’ होते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातल्या हवेविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ सारखा समोर येतो. अतिनील किरणांचं, म्हणजे यूव्हीचं, यंत्र आणलं की हवा शुद्ध झाली अशी ठाम समजूत असते. कशापासून शुद्ध, हे घेणारा विचारत नाही आणि विकणारा आपणहून सांगत नाही. धूळ, धूर, वास, ओल, कोंदटपणा आणि जंतू ही वेगवेगळी दुखणी आहेत. यूव्हीचा संबंध त्यातल्या शेवटच्याशी. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : यूव्ही प्युरिफायरने घरातली धूळ आणि परागकण कमी होतात का?

नाही. ते काम फिल्टरचं आहे.

प्रश्न : जाहिरातीत ‘99.9 टक्के जंतू नष्ट’ असं लिहिलंय. एवढासा दिवा खरंच इतकं करू शकतो?

करू शकतो, पण कुठे आणि किती वेळात ते विचारा. यूव्ही-सी किरण (तरंगलांबी 200 ते 280 नॅनोमीटर) जंतूंच्या डीएनए-आरएनएमध्ये बिघाड करतात आणि त्यांची पुढची पैदास थांबते. पाऱ्याच्या नेहमीच्या दिव्यातून हे किरण मुख्यतः 254 नॅनोमीटरला निघतात. ते कामाचे आहेत, यात शंका नाही. अडतं ते मात्रेवर. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. टेबलावर ठेवायच्या यंत्रात पंखा हवा अशा जोराने ओढतो की ती दिव्यासमोर सेकंदभरही थांबत नाही. दिवा दुबळा असेल तर जंतू एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने धडधाकट बाहेर पडतो.

हा 99.9 चा आकडा अनेकदा लहानशा बंद पेटीत, बराच वेळ दिवा लावून मिळवलेला असतो. तुमच्या खोलीचं दार उघडतं, माणसं ये-जा करतात, बोलतात, खोकतात. चाचणी किती मोठ्या जागेत झाली, किती वेळ चालली, कोणत्या जंतूवर झाली आणि यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं, हे लेखी मागा. हिशोब सोपा आहे. 12 चौरस मीटरची, 3 मीटर उंच खोली म्हणजे 36 घनमीटर हवा. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, 2023 मध्ये तासाला किमान पाच वेळा हवा बदलल्याइतक्या परिणामाचं लक्ष्य सुचवलं. म्हणजे या खोलीला तासाला 180 घनमीटर लागतील. हा आकडा ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नका. आणखी एक गोष्ट. जंतू हवेत एकेकटे फिरत नाहीत, थुंकीच्या बारीक कणांवर बसून फिरतात. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर त्यांनाही अडवतोच. चांगला हेपा असलेल्या घरगुती यंत्रात यूव्ही दिव्याने पडणारी भर थोडी असते.

प्रश्न : आमचं यंत्र सुरू केलं की खोलीत वीज कडाडल्यावर येतो तसा ताजा, तिखट वास येतो. विक्रेता म्हणाला, हा ‘सक्रिय ऑक्सिजन’ आहे, हवा शुद्ध झाल्याची खूण. आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे, त्याच्याच खोलीत ते रात्रभर चालू ठेवतो. चालेल ना?

आज रात्री ते यंत्र बंद ठेवा. उत्तर नंतर वाचा.

तो वास ओझोनचा असण्याची दाट शक्यता आहे. ‘सक्रिय ऑक्सिजन’ हे त्याचं विक्रीसाठी ठेवलेलं गोंडस नाव. ऑक्सिजनचे दोन अणू एकत्र असतात तो आपण श्वासात घेतो. तीन एकत्र आले की ओझोन होतो, आणि तो फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला जाळतो. छातीत आवळल्यासारखं होणं, खोकला, घसा खवखवणं, दम्याचा झटका येणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. ‘ओझोनचा थर आपलं रक्षण करतो’ हे वाक्य मला दर वेळी ऐकवलं जातं. तो थर डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच आहे, तिथेच तो हवा. मुलाच्या उशाशी नको.

यूव्ही दिव्यातून ओझोन येतो कुठून, तेही समजून घ्या. साधारण 240 नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या किरणांनी हवेतला ऑक्सिजन फुटतो. पाऱ्याच्या दिव्यातून 254 बरोबर 185 नॅनोमीटरचेही किरण निघतात. दिव्याची नळी हे 185 चे किरण अडवणाऱ्या खास काचेची किंवा खास क्वार्ट्झची असेल तर ओझोन जवळजवळ होत नाही. नळी साधी क्वार्ट्झची असेल तर होतो. बाहेरून दोन्ही दिवे सारखेच निळसर दिसतात, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही. आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारी यंत्रं) आणि ‘प्लाझ्मा’ नावाने विकली जाणारी काही यंत्रंही ओझोन करतात. काही यंत्रं तर खास ओझोन सोडण्यासाठीच बनवलेली असतात, आणि तीही ‘एअर प्युरिफायर’ या नावाखाली त्याच फळीवर मांडलेली असतात. याची मला सर्वांत जास्त चीड येते.

‘थोडा ओझोन जंतू मारतो, मग बिघडलं काय?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. माणसाला सोसेल इतक्या प्रमाणात तो हवेतले जंतू किंवा वास फारसे घालवत नाही. घालवण्याइतका सोडला तर माणसाला सोसत नाही. मधला सोयीचा आकडा नाही. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांतून घरात साठणाऱ्या ओझोनवर 0.05 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 0.05 भाग) मर्यादा आहे आणि कॅलिफोर्निया राज्याने हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांनाही तीच लावली आहे. शिवाय ओझोन एकटा राहत नाही. सुगंधी फरशीपुसणं, लिंबाच्या वासाचे स्प्रे यांतल्या द्रव्यांशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. वास घालवायला आणलेलं यंत्र हवेत नवे त्रासदायक पदार्थ सोडू लागतं. आणि नाकावर भरवसा ठेवू नका. तासाभरात नाक त्या वासाला सरावतं, घरच्यांना तो जाणवेनासा होतो, ओझोन मात्र तिथेच असतो.

आता करायचं काय? खिडक्या उघडा. यंत्राच्या ओझोनची तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा. यूएल 2998 हे यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेचं ‘शून्य ओझोन’साठीचं मानांकन आहे. तोंडी ‘ओझोन-फ्री आहे हो’ म्हणणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मुलाला या आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे न्या आणि किती दिवस, रोज किती तास यंत्र चालू होतं ते त्यांना सांगा. आणखी एक, कळकळीने सांगतो. यंत्र आणलं म्हणून इनहेलर कमी केलेली किंवा थांबवलेली घरं मला माहीत आहेत. ते औषध डॉक्टर सांगतील तेव्हाच बदलायचं. धाप वाढली, बोलताना वाक्य पुरं होईना, तर आठवड्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : स्वस्तात उघडी यूव्ही ट्यूब मिळाली. बसायच्या खोलीत लावू का?

अजिबात नाही. माणूस, पाळीव प्राणी किंवा झाडं असलेल्या जागेत उघडा यूव्ही-सी दिवा लावायचा नाही. डोळ्याला इजा होते ती त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. असं झालं असेल तर घरगुती थेंब घालत बसू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : भिंतीवर बुरशी आली आहे. हातात धरून फिरवायच्या यूव्ही कांडीने जाईल का?

नाही. बुरशीचे बीजाणू, विशेषतः गडद रंगाचे, जीवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असतात आणि कांडी एका जागी दोन-चार सेकंदच थांबते. मेलेले बीजाणूही ॲलर्जीला पुरेसे असतात. बुरशी म्हणजे ओल. गळका पाइप, छतातून झिरपणारं पाणी, बंद खिडकीवर साठणारं बाष्प यांतलं कारण शोधा, घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणा. डाग मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर स्वतः खरवडू नका, जाणकार माणूस बोलवा.

प्रश्न : एसीच्या आत यूव्ही दिवा बसवून घ्यावा का?

मोठ्या, डक्ट असलेल्या यंत्रणेत त्याचा चांगला उपयोग होतो. थंड कॉइल सतत ओलं असतं, त्यावर बुळबुळीत थर धरतो; दिवा तिथे रात्रंदिवस लागून राहिला की थर वाढत नाही. इथे मात्रेची अडचण येत नाही, कारण कॉइल जागचं हलत नाही. पण बसवणारा माहितगार हवा. चुकीच्या जागी लावलेल्या दिव्यासमोरचं प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग त्याला बारीक भेगा जातात आणि बोट लावलं की भुगा होतो. वायरींचं वेष्टन आणि रबरी वायसर यांचीही तीच गत. आधी कॉइल धुऊन घ्या, फिल्टर बदला, पाण्याचा निचरा नीट होतोय का पाहा. मग दिव्याचा विषय काढा, तोही यंत्र बनवणाऱ्याला विचारून. वॉरंटी जाऊ शकते.

प्रश्न : दिवा अजून छान पेटतो. मग वर्षभरात बदला असं का सांगतात?

दिसणारा निळा उजेड हे जंतुनाशक किरण नव्हेत. उजेड तसाच राहतो, यूव्ही-सी घटत जातं. असे दिवे साधारण 9,000 तास, म्हणजे अखंड चालले तर वर्षभर, धरतात. नळीवर धूळ बसली तरी मारा कमी होतो. बंद करून, थंड झाल्यावर पुसा. फुटला तर आत पारा आहे हे लक्षात ठेवा: खोलीबाहेर या, खिडक्या उघडा आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका.

प्रश्न : माझं छोटं क्लिनिक आहे, प्रतीक्षाकक्षात खोकणारे रुग्ण बसतात. यूव्हीचा खरा उपयोग कुठेच नाही का?

आहे, आणि तो तुमच्यासारख्या ठिकाणीच आहे. डोक्याच्या वर, साधारण 2.1 मीटर किंवा त्याहून उंचावर, किरण आडवे आणि वरच्या बाजूलाच राहतील असे झडपांचे दिवे लावतात. खालची हवा वर जाते, किरणांतून फिरून खाली येते. फिलाडेल्फियाच्या शाळांत 1941 च्या गोवराच्या साथीत अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी हीच पद्धत वापरून दाखवली. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयाचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर वाचण्यासारखा आहे. क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. यूव्ही बंद असलेल्या दिवसांच्या हवेतल्या 35 टक्के गिनिपिगांना क्षयाची लागण झाली. वर यूव्ही लावलेल्या दिवसांच्या हवेतल्या 9.5 टक्क्यांना.

पण वरची-खालची हवा मिसळायला पंखा लागतो, छत पुरेसं उंच लागतं आणि बसवल्यावर डोळ्यांच्या उंचीवर मीटर धरून किरण खाली येत नाहीत ना, हे मोजावं लागतं. चकचकीत छत असेल तर किरण उलटून खाली येतात. आर्द्रता फार असेल तर परिणाम घटतो. हे कॅटलॉग पाहून करायचं काम नाही, वायुवीजनाच्या अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. तोवर खिडक्या उघडा आणि खोकणाऱ्यांना मास्क द्या. त्याला कुणाच्या आराखड्याची गरज नाही.

प्रश्न : तीन महिने खोकला जात नाही. कोणतं प्युरिफायर घेऊ?

कोणतंही नको. आधी श्वसनविकारतज्ज्ञांकडे जा. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला तपासून घ्यायचा असतो आणि तुम्ही तीन महिने घालवले आहेत.

प्रश्न : रात्री दारं-खिडक्या लावून झोपतो, यूव्ही यंत्र चालू असतं, तरी सकाळी डोकं जड आणि मळमळ. यंत्र बिघडलंय का?

यंत्र ठीक असेलही. या त्रासाचं कारण बहुधा दुसरं आहे. बंद खोलीत श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड यूव्हीनेही जात नाही, फिल्टरनेही नाही. तो फक्त बाहेरच्या हवेने जातो. पण मळमळीचं वाचून मला दुसरीच काळजी वाटते. घरात गॅसचा गीझर, हीटर, शेगडी असं काही जळतं का? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो जीव घेतो. घराबाहेर पडल्यावर डोकं हलकं होत असेल किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं होत असेल तर ते उपकरण आजच बंद करा, सगळे बाहेर या आणि डॉक्टरांना गाठून हा संशय स्पष्ट शब्दांत सांगा. उपकरण तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पेटवू नका आणि झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.