सेफ्टी केसमधला ०.९४ विश्वास कसा वाचावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेल्वे सिग्नलिंगच्या सेफ्टी केसमध्ये (यंत्रणा सुरक्षित आहे हे पुराव्यांनिशी मांडणारा युक्तिवाद) चाचण्यांना ०.८ आणि फॉल्ट ट्रीला (बिघाड कशाकशातून होऊ शकतो ते दाखवणारी आकृती) ०.७ विश्वास दिला, वेगवेगळ्या पुराव्यांचा विश्वास एकत्र करणाऱ्या डेम्पस्टरच्या नियमाने ‘यंत्रणा सुरक्षित आहे’ या वरच्या दाव्याला ०.९४ आला, तरी सेफ्टी केस तपासणारे असेसर सही करत नाहीत. मला असेसरचं म्हणणं पटतं.

०.८ विश्वास दिल्यावर उरलेले ०.२ म्हणजे ‘असुरक्षित’ नव्हे, ‘ठाऊक नाही’. ग्लेन शेफर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पुरावा-सिद्धांताचं (डेम्पस्टरचा नियम यातलाच) खरं बळ इथेच आहे. तुमच्या उदाहरणात दोन्हीकडचं अज्ञान गुणलं जातं: ०.२ × ०.३ = ०.०६, म्हणून ०.९४. पण दोन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हा गुणाकार चालतो. तुमच्या चाचण्या आणि फॉल्ट ट्री एकाच हॅझार्ड लॉगवरून (ओळखलेल्या धोक्यांची नोंद) केल्या असतील, तर लॉगमध्ये सुटलेला धोका दोन्हीकडे सुटला. मग अज्ञान ०.०६ वर आलंच कुठे?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. समजा, साइटवरून विरोधी पुरावा आला: ‘असुरक्षित’ ०.५, ‘ठाऊक नाही’ ०.५. तो जोडून पाहा. ०.९४ × ०.५ = ०.४७ एवढा संघर्ष, म्हणजे पुरावे एकमेकांना खोडतात तो भाग, निघतो. नियम तो काढून टाकतो आणि उरलेल्या ०.५३ ने सगळ्याला भागतो. ‘सुरक्षित’ येतं ०.४७ ÷ ०.५३, म्हणजे जवळजवळ ०.८९! एवढी मोठी धोक्याची सूचना येऊनही आकडा जेमतेम ०.०५ ने उतरला. अंतिम आकड्याशेजारी संघर्षाचा आकडा छापलाच पाहिजे, याबाबत मी तडजोड करत नाही.

२००६ मध्ये अफगाणिस्तानात ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड विमान कोसळून १४ जण गेले. २००९ च्या हॅडन-केव्ह अहवालाने दाखवलं, की विमान तीस वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार, या समजुतीने त्याची सेफ्टी केस पोखरली होती. अशी समजूत युक्तिवादाच्या सगळ्या फांद्यांत भिनलेली असेल, तर त्या फांद्या स्वतंत्र पुरावे म्हणून जोडताच येत नाहीत.

तेव्हा एकच आकडा देऊ नका. विश्वास, अविश्वास आणि अज्ञान, तिन्ही वेगळे दाखवा. प्रत्येक फांदीचा आकडा थोडा हलवून वरचा दावा किती हलतो ते बघा. जिथे जास्त हलेल तिथे आधी पुरावा वाढवा. ०.८ कोणी आणि कशावरून दिला, हे नोंदवा. आणि ‘पुरावे स्वतंत्र आहेत’ हे जीएसएनच्या (सेफ्टी केसचा युक्तिवाद चित्रात मांडायची पद्धत) आकृतीत गृहीतकाच्या लंबगोलात टाकून मोकळे होऊ नका. दाव्याच्या चौकटीत मांडा आणि त्याखाली वेगळा पुरावा जोडा.