मामांच्या दुकानातले चार तास

प्रिय मुला,

तुझं पत्र मिळालं. पीटीएसडीचं, म्हणजे लढाईच्या धक्क्याने जडलेल्या मनाच्या आजाराचं, अपंगत्वाचं रेटिंग सत्तर टक्के आहे, गोदामातली नोकरी सुटून वर्ष होत आलं, घर बायकोच्या पगारावर चाललंय, आणि 'आणखी पैसे मागायची लाज वाटते' असं तू शेवटी लिहिलं आहेस. आधी त्या लाजेचंच बोलतो. सैन्यात भरती होताना तू सही केलीस, तेव्हा सरकारनेही एक जबाबदारी पत्करली होती: सेवेत झालेल्या इजेमुळे तुझी कमावण्याची ताकद गेली, तर तिची भरपाई करायची. व्हीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या, रेटिंगचा पायाच मुळी कमाईच्या क्षमतेत किती घट होते हा आहे. ही घट तुझ्या बाबतीत कागदावर आहे त्यापेक्षा जास्त असेल, तर तसं सांगणं हा तुझा हक्क आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही. आईला आणि मंडळातल्या काकूंना काय वाटेल हा प्रश्न सध्या बाजूला ठेव.

तू जोडलेलं कच्चं निवेदन मी वाचलं. त्यातली तीन पानं अफगाणिस्तानातल्या त्या रस्त्याबद्दल आहेत. ती लिहिताना तुला काय सोसावं लागलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो: ती आता पुन्हा लिहायची गरज नाही. तुझा आजार सेवेमुळेच झाला हे व्हीएने केव्हाच मान्य केलं आहे. आता प्रश्न एवढाच आहे की हा आजार तुला पोट भरण्यापुरतं काम करू देतो का. तुझ्या निवेदनात याबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. पानं तिकडे खर्च कर.

शंभर टक्क्यांच्या दराने पैसे मिळायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पीटीएसडीचं रेटिंगच शंभर करून घेणं. त्यासाठी कामाच्या आणि सामाजिक अशा दोन्ही बाजूंनी माणूस पूर्ण अकार्यक्षम झालाय, असं दिसावं लागतं. तू मुलीला शाळेतून आणतोस, घरात बोलतोस, औषधं वेळेवर घेतोस. त्यामुळे ते रेटिंग मिळणं कठीण आहे आणि त्यासाठी तू स्वतःला आहेस त्यापेक्षा वाईट दाखवावंस असं मी कधीही सांगणार नाही. दुसरा रस्ता तुझ्यासाठीच केलेला आहे. त्याला इथे सगळे टीडीआययू म्हणतात. रेटिंग सत्तरच राहतं, पण सेवेतल्या आजारामुळे नीट पोट भरेल अशी नोकरी टिकवता येत नाही हे सिद्ध झालं, की पैसे शंभर टक्क्यांच्या दराने मिळतात. एकाच आजाराचं रेटिंग साठ किंवा जास्त असेल, तर या अर्जाची पहिली अट पूर्ण होते. अनेक आजार असतील, तर एकाचं किमान चाळीस आणि सगळे मिळून सत्तर लागतं. तू पहिल्यातच बसतोस. २०२५ च्या दरांप्रमाणे एकट्या माणसाला सत्तर टक्क्यांवर महिन्याला सुमारे १,७५९ डॉलर मिळत होते आणि शंभरवर सुमारे ३,८३१. बायको आणि मूल असेल, तर दोन्हीकडे त्यापेक्षा जास्त. दोन्हींवर आयकर नाही.

कानातल्या आवाजाचा क्लेम करून टक्के वाढवावेत असं तुला कुणीतरी सुचवलंय. आजार असेल तर जरूर कर, पण हिशोब समजून घे. व्हीए टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. सत्तर गेल्यावर उरलेल्या तीस टक्क्यांवर कानातल्या आवाजाचे दहा टक्के लागतात, म्हणजे तीन. त्र्याहत्तर झाले की जवळच्या दहावर आणून पुन्हा सत्तरच. तुझं गाडं त्याने पुढे सरकणार नाही.

आता मामांच्या दुकानाकडे वळू, कारण तुझा सगळा अर्ज तिथेच अडेल किंवा तिथेच सुटेल. 'मी आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मामांच्या स्टोअरमध्ये बसतो, म्हणजे मी काम करतोच, मग अर्ज कसा करू?' असं तू विचारलंस. करता येतो. नियमात 'नाममात्र नोकरी' धरली जात नाही. एका माणसासाठी सेन्सस ब्यूरोने, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याने, ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या आत कमाई असेल, तर ती साधारणपणे नाममात्र समजतात. कमाई तिच्यावर गेली, तरी काम सांभाळून घेणाऱ्या जागी असेल तर तेही नाममात्र ठरू शकतं, आणि नियमात अशा जागेचं उदाहरण म्हणून घरच्या धंद्याचाच उल्लेख आहे. पण हे व्हीएला आपोआप कळणार नाही. ते मामांनी लिहून द्यावं लागेल.

इथे मला खरी काळजी मामांची वाटते. ते चांगले आहेत, भाच्यावर जीव आहे, आणि सरकारी कागदावर भाच्याबद्दल वाईट लिहायचं त्यांच्या जिवावर येईल. ते लिहून देतील, 'मुलगा प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, उत्तम काम करतो.' अशी प्रेमाने लिहिलेली पत्रं मी फायलींमध्ये पाहिली आहेत आणि त्या पत्रांनीच अर्ज बुडालेले पाहिले आहेत. मामांना समोर बसवून सांग की तुझ्या स्वभावाचा दाखला नकोय, दुकानात खरं काय घडतं ते हवंय. मागच्या दाराने माल उतरवताना क्रेट आपटला की तू काउंटर सोडून वॉक-इन कूलरमध्ये जाऊन उभा राहतोस आणि मामी गल्ल्यावर येते. दुपारी गर्दी झाली की तुला स्टॉकरूममध्ये पाठवतात. एका गिऱ्हाइकाशी झालेल्या भांडणानंतर तुला एकट्याला दुकान उघडू देत नाहीत. रात्री झोप झाली नसेल, तर सकाळी फोन करून 'आज येत नाही' म्हणतोस आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. शेवटी एक वाक्य, पण मामांचं स्वतःचं: याच्या जागी परका असता, तर मी ठेवला असता का? ते ठेवले नसते असं म्हणाले, तर तेच लिहू देत. आणि खरोखरच ठेवला असता असं त्यांना वाटत असेल, तर तेही आपल्याला आत्ताच कळायला हवं. पत्रात तास, पगार आणि ही सगळी सवलत स्पष्ट असू दे. सही करताना ते खरं असल्याची हमी देतायत, तेव्हा एकही गोष्ट वाढवून नको.

गोदामाचंही तसंच. टीडीआययूचा फॉर्म २१-८९४० भरताना शेवटचा पूर्णवेळ कामाचा दिवस, आजारपणात बुडालेले दिवस, कमाई, सगळं विचारतात. अंदाजाने भरू नकोस. पगाराच्या पावत्या आणि डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, काढून बस. जुन्या मालकाकडे २१-४१९२ नावाचा वेगळा फॉर्म जातो. त्यात नोकरी का सुटली, काही सवलत दिली होती का, असे प्रश्न असतात. मोठ्या कंपनीतला एचआरचा माणूस बहुतेक 'राजीनामा दिला' एवढंच लिहून मोकळा होईल. म्हणून ज्या सुपरवायझरने फोर्कलिफ्टचा भोंगा वाजायच्या बाजूपासून तुला लांब ठेवलं होतं, त्याला फोन कर. साक्षीदाराच्या निवेदनाच्या फॉर्म २१-१०२१० वर त्याचं अर्धं पान मिळालं, तर ते एचआरच्या एका शब्दापेक्षा कितीतरी मोलाचं ठरेल. बायकोचंही निवेदन त्याच फॉर्मवर घे. तिला तू समोर नसताना लिहू दे.

अर्जानंतर बहुधा सी अँड पी तपासणीचं, म्हणजे क्लेमसाठी व्हीए करवून घेतं त्या वैद्यकीय तपासणीचं, बोलावणं येईल. तुझा स्वभाव मी ओळखतो. डॉक्टरने 'कसा आहेस?' विचारलं, की तू पाठ ताठ करून 'ठीक' म्हणशील. तोच शब्द तुझ्या थेरपीच्या नोंदींत दर भेटीला लिहिलेला असेल, आणि निर्णय देणारा माणूस तुला न भेटता त्या नोंदी वाचतो. आतापासून थेरपिस्टला आठवडा जसा गेला तसाच सांग. तपासणीत चांगला आठवडा सांग, वाईटही सांग, आणि वाईट आठवडे महिन्यातून किती येतात तेही सांग. काम का टिकलं नाही याची उदाहरणं सांग. रेटिंगच्या नियमात दिलेली लक्षणं उदाहरणादाखल आहेत. ती सगळी तुझ्यात असायलाच हवीत असं नाही, त्यामुळे यादी पाठ करून जायची गरज नाही. पुरावे दोन्ही बाजूंनी समसमान असले, तर निकाल माजी सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असं कायदाच सांगतो.

एक धोका आहे आणि तो तुझ्यापासून लपवणार नाही. अर्ज केला की फाइल पुन्हा उघडते, आणि क्वचित सध्याचं रेटिंगही तपासलं जातं. कपात करायची ठरलीच, तर आधी नोटीस येते आणि पुरावे द्यायला साठ दिवस मिळतात. तुझ्या नोंदी पाहता मला ती भीती फारशी वाटत नाही, पण निर्णय तुझा आहे.

सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेची अपंगत्वाची रक्कम वेगळी असते. तिचे नियम वेगळे, दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात. त्याचा अर्जही करून ठेव.

'वाढवून दिलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा द्या' म्हणणारी माणसं तुला फोन करतायत, त्यांना सरळ नकार दे. व्हीएची मान्यता असलेल्या माजी सैनिकांच्या संघटना, म्हणजे डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन, आणि बऱ्याच काउंट्यांतले व्हेटरन्स अधिकारी, क्लेम भरायला एक पैसाही घेत नाहीत. मान्यताप्राप्त वकीलसुद्धा पहिला निर्णय लागेपर्यंत फी घेऊ शकत नाही.

पुढे कधी बरं वाटलं आणि काम करून पाहावंसं वाटलं तर काय, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. टीडीआययू मिळाल्यावर तू नोकरी धरलीस, तर ती कळवावी लागते. पण केवळ नोकरी धरली म्हणून ती रक्कम लगेच जात नाही. सलग बारा महिने ती नीट टिकली तरच तेवढ्या कारणाने व्हीए काढून घेऊ शकतं. तेव्हा हा अर्ज म्हणजे आयुष्यभर घरी बसायची शिक्षा आहे, असं मनात धरू नकोस.

रात्री दोन-तीनला जागा असतोस तेव्हाचं जे लिहिलंस, त्याचा आणि या अर्जाचा संबंध लावू नकोस. ते आत्ताचं आहे. ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन लाव आणि माजी सैनिकांसाठी १ दाब. कुठल्याही वेळी, काहीही कारण नसतानाही. गावातल्या व्हेट सेंटरमध्येही, म्हणजे माजी सैनिकांच्या समुपदेशन केंद्रात, जा. तिथलं बोलणं तुझ्या परवानगीशिवाय व्हीएच्या फायलीत जात नाही.

आज एकच काम कर: 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची सूचना, नोंदव. व्हीएच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर होतं. त्याने आजची तारीख धरून ठेवली जाते आणि पूर्ण अर्ज द्यायला एक वर्ष मिळतं. मंजुरी आली की मागची रक्कम साधारणपणे त्या तारखेपासून मोजतात, म्हणून कागद गोळा होण्याची वाट बघत बसू नकोस. नकार आला, तर त्याच्या तारखेपासून एका वर्षात नव्या पुराव्यासह पूरक अर्ज, वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी किंवा बोर्डाकडे अपील, यातलं एक करता येतं. ते आलं तर बघू. तोवर मामांच्या पत्राचा कच्चा मसुदा मला पाठव. इंग्रजी मी नीट करून देईन, मजकूर मात्र त्यांचाच राहील.

तुझा,
काका