लांडग्याचे दात झाका

प्रश्न : लाल टोपीवालीच्या (लिटल रेड रायडिंग हूड) गोष्टीवर शाईची सहा चित्रं करतोय. गोष्टीतली काळी बाजू दाखवायची आहे, पण लांडगा एकतर कार्टूनसारखा दिसतो, नाहीतर भयपटाच्या पोस्टरसारखा. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा तुम्ही जबडा उघडा काढताय. दात दिसले की पुढे काय होणार ही धाकधूक संपते. फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव्ह दोरेची चित्रं समोर ठेवा. ही गोष्ट लिहिणारा फ्रेंच लेखक शार्ल पेरो, त्याच्या परीकथांची दोरेची सचित्र आवृत्ती १८६२ची. जंगलातल्या भेटीत लांडगा मुलीच्या अगदी अंगाशी उभा आहे, पाठ आपल्याकडे करून. पलंगावरच्या चित्रात त्याच्या डोक्यावर आजीची झालरीची टोपी आहे, तोंड मिटलेलं, आणि शेजारी पांघरूण ओढून घेत मुलगी त्याच्याकडे बघते आहे. सगळी भीती तिच्या नजरेत! तेव्हा आधी मुलीचे डोळे काढा, लांडगा नंतर.

पेरोच्या १६९७च्या गोष्टीत शिकारी येतच नाही. मुलगी खाल्ली जाते आणि गोष्ट तिथेच थांबते. शिकाऱ्याने पोट कापून केलेली सुटका ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातली. तुम्ही कुठली काढताय हे ठरल्याशिवाय सहाव्या चित्राला हात लावू नका.

प्रत्येक चित्राचा ५ × ७ सेंमीचा कच्चा आराखडा करा आणि त्यात काळा, करडा, पांढरा एवढ्या तीनच छटा भरा. क्षितिजरेषा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे झाडं आपोआप अंगावर येतात. लांडग्याची एक कड झाडाच्या सावलीत विरू द्या. पूर्ण बाह्यरेषा आखली की तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो, कार्टूनपणा तिथूनच येतो.

प्रश्न : रेघांवर रेघा मारून अंधार करताना जाळी दिसते, कागदही फाटतो.

उत्तर : दुसरा थर काटकोनात गेला की डोळ्याला चौकोन दिसतात. तो २०–३० अंशांनी तिरका घ्या. ओल्या थरावर निब फिरवली तर ती कागदाचे तंतू उपसते आणि शाई पसरते. दोन थरांत पंधरा मिनिटं जाऊ द्या. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), गुळगुळीत हॉट प्रेस. वॉटरप्रूफ शाई निबेवर वाळून चीर बुजवते, म्हणून निब मधूनमधून पाण्यात बुडवून पुसा.

टोपीला लाल जलरंग द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफच हवी आणि ती रात्रभर वाळलेली हवी. नाहीतर लाल मातकट होतो.