वृषणाशेजारची दुसरी गाठ: घाई कशाची करायची, कशाची नाही

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आंघोळ घालताना डाव्या बाजूला वृषणाला लागूनच आणखी एक गोटी हाताला लागली. दुखत नाही. सोनोग्राफीत 'डाव्या वृषणाच्या वरच्या टोकाशी १२ मिमी घन गाठ, रक्तप्रवाह आहे' असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात, तिसरं वृषण असेल. दुसरे म्हणतात, धोका नको, डावं वृषण काढून टाकू. मी काय करू? आणि त्याला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, वृषण काढायला आज होकार देऊ नका. आधी गाठ कसली आहे ते ठरू द्या.

तिसरं वृषण ही खरीखुरी गोष्ट आहे. गर्भात पहिल्या दोन महिन्यांत, ज्या उंचवट्यापासून वृषण तयार होतं त्याचे दोन भाग पडले तर एका बाजूला दोन वृषणं होतात. बहुतेकदा डावीकडेच. सोनोग्राफीत त्याचा पोत आणि रक्तप्रवाह शेजारच्या वृषणासारखाच दिसतो, हीच त्याची ओळख. तुमच्या रिपोर्टमध्ये नुसतं 'घन गाठ' लिहिलंय, पोत सारखा की वेगळा ते नाही. म्हणून मुलांच्या सोनोग्राफीचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून ती पुन्हा करून घ्या आणि नेमकं हेच विचारा. शंका राहिली तर एमआरआय.

पोत वेगळा निघाला तर? इथे मला एका शक्यतेवर थांबायचंय, कारण ती फार वेळा कोणाला आठवतच नाही. गाठ प्लीहेची (पोटात डावीकडे असणारा अवयव, इंग्रजीत स्प्लीन) असू शकते. गर्भाच्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात प्लीहा आणि वृषणाचा अंकुर अगदी शेजारी असतात. तेव्हा प्लीहेचा तुकडा चिकटला की वृषण खाली उतरताना त्यालाही सोबत घेऊन येतं. १८८३ मध्ये बोस्ट्रोम या डॉक्टरांनी याची पहिली नोंद केली. प्लीहा डावीकडे असल्यामुळे हे जवळजवळ नेहमी डावीकडेच आढळतं. मलेरियासारख्या आजारात प्लीहा सुजते, तेव्हा ही गाठही फुगून दुखू शकते, म्हणून तसा ताप कधी येऊन गेला असेल तर सर्जनना नक्की सांगा. असा तुकडा ओळखायला टेक्नेशियम या सौम्य किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन असतो. प्लीहेची ऊती ते द्रव्य ओढून घेते आणि गाठ स्कॅनवर उठून दिसते. तुकडा लहान असला तर दिसेलच असं नाही. कॅन्सर समजून अशी निरोगी वृषणं काढली गेली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कॅन्सरची शक्यता बाजूला ठेवायची असं नाही. त्यासाठी रक्तात एएफपी आणि बीटा-एचसीजी तपासतात. वृषणाच्या काही कॅन्सरमध्ये ही दोन द्रव्यं रक्तात वाढतात. तान्ह्या बाळात एएफपी मुळातच जास्त असतं, पण सहाव्या वर्षी ते वाढलेलं असेल तर गांभीर्याने घ्यावं लागतं. सुई घालून गाठीचा नमुना मात्र घेऊ देऊ नका. ती कॅन्सरची निघालीच, तर पिशवीच्या कातडीतून टोचल्याने पेशी पसरायला वाट मिळते. उघडून बघायचंच ठरलं तर जांघेतून छेद घेतात, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं) पाठवतात आणि त्या उत्तरावर पुढचं ठरवतात. प्लीहेचा तुकडा बहुधा सोलून काढता येतो, वृषण वाचतं. 'फ्रोझन सेक्शनची सोय आहे का?' हे शस्त्रक्रियेआधी विचाराच.

तिसरं वृषण आहे असं नक्की झालं, ते पिशवीत नीट उतरलेलं असलं आणि शंकास्पद काही दिसलं नाही, तर बहुतेक सर्जन ते काढत नाहीत. ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. हर्निया किंवा न उतरलेलं वृषण सोबत असेल तर शस्त्रक्रिया लागते.

एका बाबतीत मात्र घाई हवी. जादा वृषणाला पीळ बसण्याचा धोका जास्त असतो. अचानक जोरात दुखलं, सूज आली, उलटी झाली, तर सकाळची वाट न बघता तडक इमर्जन्सीत न्या. साधारण सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली.

मुलाला खरं सांगा. 'इथे एक जास्तीची गोटी आहे, डॉक्टर बघणार आहेत, दुखलं तर मला लगेच सांग, रात्रीही उठव.' दुखलं तरी लाजेपोटी गप्प राहणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून शेवटचं वाक्य दोनदा सांगा.