वाचकांचे प्रश्न : पाहुण्यांना मास्क लावायला सांगणे चूक आहे का?

प्रश्न : माझे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे असून त्यांना सीओपीडी (श्वास घेणे अवघड करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. गेल्या हिवाळ्यात घरात आलेल्या एका पाहुण्याची सर्दी त्यांना लागली आणि त्यांना आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. तेव्हापासून सर्दी-खोकला असलेल्या प्रत्येकाला मी घरात मास्क लावायला सांगते. माझे दीर म्हणतात, “वहिनी, मास्कचा काही उपयोग नसतो हे कॉक्रेनच्या अहवालात सिद्ध झाले आहे, तुम्ही उगाच लोकांना दुखावता.” माझे काही चुकते आहे का? आणि सासऱ्यांनीही घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. मात्र आपल्या दिरांनी ज्या अहवालाचा दाखला दिला आहे तो खरोखरच प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे त्यात काय म्हटले आहे हे आधी पाहायला हवे.

कॉक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारी संस्था आहे. श्वसनमार्गाच्या विषाणूंचा प्रसार रोखण्याचे मास्क, हात धुणे यांसारखे उपाय तपासणाऱ्या ७८ चाचण्यांचा आढावा तिने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. मास्कमुळे समाजातील आजारात फारसा फरक पडलेला दिसत नाही, असे त्यात नमूद होते आणि त्यावरून ‘मास्क निरुपयोगी’ अशी हाकाटी झाली. तेव्हा मार्च महिन्यात कॉक्रेनच्या मुख्य संपादक कार्ला सोअरेस-वायझर यांनी स्पष्ट केले, की असा अर्थ काढणे चुकीचे आहे. लोकांनी मास्क वापरावा यासाठी केलेल्या प्रयत्नांनी प्रसार मंदावतो का, हे तपासले गेले होते आणि त्याचे उत्तर अनिर्णित राहिले होते.

हा फरक शब्दच्छल वाटेल, पण सारा वाद त्यावरच उभा आहे. २०२० च्या वसंत ऋतूत डेन्मार्कमध्ये सुमारे ६,००० लोकांवर एक चाचणी झाली. महिनाभरानंतर मास्क वापरण्यास सांगितलेल्या गटात १.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना कोविडचा संसर्ग झाला. हा फरक इतका थोडा होता, की तो योगायोगानेही पडू शकतो. पण मास्क दिलेल्यांपैकी जेमतेम ४६ टक्के लोकांनी तो सूचनेप्रमाणे वापरल्याचे सांगितले होते आणि त्यांच्या मास्कमुळे इतरांचे रक्षण झाले का, हे त्या चाचणीने मोजलेच नव्हते. आपल्या घरातला प्रश्न तर नेमका तोच आहे. गोळ्या वाटून निम्म्या लोकांनी त्या नीट घेतल्या नाहीत, तर त्या निष्कर्षावरून गोळीत औषधच नव्हते असे आपण म्हणत नाही.

बांगलादेशातील चाचणी मला अधिक बोलकी वाटते. तेथे ६०० गावांतील तीन लाखांहून अधिक प्रौढांचा समावेश होता आणि निम्म्या गावांत मास्क फुकट वाटून ते लावण्याचा पाठपुरावा केला गेला. त्यामुळे योग्य रीतीने मास्क लावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक लोक तरीही उघड्या तोंडानेच फिरत होते. एवढ्यावरही लक्षणे असलेला आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोविड सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळला. जेथे सर्जिकल मास्क दिले होते, त्या गावांत साठीपुढच्या माणसांमध्ये ही घट ३५ टक्के होती. कापडी मास्कचा लाभ मात्र तितका स्पष्ट दिसला नाही आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

याचे कारण मास्कच्या रचनेत आहे. मास्क म्हणजे चाळणी, असा पुष्कळांचा समज असतो आणि विषाणू इतका बारीक असताना तो चाळणीत कसा अडकेल, असे ते विचारतात. पण मास्क नुसत्या चाळणीसारखा काम करत नाही. एन-९५ मधील तंतूंवर विद्युतभार असतो आणि तो सूक्ष्म कणांना ओढून धरतो. म्हणूनच ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, अडवायला सर्वांत कठीण असलेले कणही किमान ९५ टक्के अडतात. साबणाने धुतल्यास हा भार जातो, म्हणून असा मास्क धुऊन वापरू नये. सर्जिकल मास्क गालांपाशी उघडा राहतो, त्यामुळे त्याचे संरक्षण कमी पडते. नाकावरची तार दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून बसवा आणि श्वास सोडून पाहा. चष्म्याच्या काचांवर वाफ धरत असेल, तर हवा वरच्या फटीतून निसटते आहे. झडप असलेला मास्क मात्र पाहुण्याला देऊ नका, कारण त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळलाच जात नाही.

खोकणाऱ्याच्या तोंडून निघालेले तुषार सुरुवातीला मोठे आणि ओले असतात, त्यामुळे त्याने मास्क लावला असेल तर ते तिथेच सहज अडतात. हवेत आल्यावर ते सुकून बारीक होतात आणि खोलीभर तरंगत राहतात, मग त्यांना अडवणे कठीण जाते. म्हणून मास्क आजारी माणसाने लावणे हे सासऱ्यांनी लावण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

सासऱ्यांच्या एन-९५ बद्दल बोलायचे, तर निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजन मास्कमुळे धोकादायकरीत्या घटत नाही, पण सीओपीडीत श्वास घेण्यासाठी आधीच जोर लावावा लागतो आणि घट्ट मास्कने त्यात भर पडते. घरात त्यांना तो लावायला लावू नका. रुग्णालयात किंवा गर्दीत जाताना थोडा वेळ लावता येईल का, हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा आणि त्याच भेटीत फ्लूच्या दरवर्षीच्या लशीबद्दलही बोलून घ्या. पाहुणे असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा. बाहेरच्या दाराशी सर्जिकल मास्कचा एक डबा ठेवून “बाबांच्या छातीसाठी एवढं कराल का?” असे आल्या आल्या विचारा, आणि शक्य झाल्यास पहिला मास्क दिरांनाच लावायला द्या.