दारात येऊन बसलेल्या भटक्या कुत्रीला घर कसं मिळवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या गावात, मळ्यातल्या घरासमोर आठ दिवस एक कुत्री येऊन बसतेय, हाकललं तरी परत येते. सासूबाईंना ती नको आहे आणि तुम्हाला तिच्यासाठी घर हवंय.

आधी सांगा, तुमच्याकडच्या साखर कारखान्याचा पट्टा नुकताच पडलाय का, म्हणजे गाळप हंगाम संपलाय का? ऊसतोडीच्या टोळ्या बऱ्याचदा कुत्री घेऊन येतात. माणसं पहाटे फडात गेली की खोपीला राखण त्यांचीच. परतताना ट्रॉलीत भांडी, पोरं, शेळ्या चढतात आणि एखादं कुत्रं मागं राहतं.

आमच्या करवीर तालुक्यातल्या मळ्यात अशीच एक तांबडी आली होती. गळ्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा, इतका आवळलेला की खालचे केस गेलेले. दोरी आहे म्हणजे कुणीतरी बांधत होतं. शेजाऱ्याकडून ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर घेतला. तो म्हणाला, "आमचीच हाय. निघताना सापडली न्हाई. ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडंच." एका फोनात विषय मिटला. तेव्हा टोळीवाले, धनगर, आजूबाजूचे मळे, आधी एवढ्यांना विचारा.

कुणी दावा सांगितला नाही तर खरी अडचण पुढं आहे. बोका, बैल, कोंबडा सगळे चालतात, पण कुत्री म्हटलं की लोक हात जोडतात: "नको, पिल्लं घालती." त्यांचं चुकतंय असंही नाही. दोन महिन्यांत वेत, वर्षातून बहुधा दोनदा. म्हणून घर शोधायच्या आधी नसबंदी. कानाला सरळ कापलेली खाच दिसली तर ती बहुतेक आधीच झालेली असते. नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात विचारा, तिथंच रेबीजची लस आणि जंताचं औषधही द्या. आमच्या तांबडीला तीन घरांनी नाही म्हटलं होतं. टाके निघाल्यावर त्यातलंच एक घर स्वतःहून विचारत आलं. तोवर मात्र आईनं तिला गोठ्याशेजारची जागा देऊन टाकली होती. अट एकच, उंबरा ओलांडायचा नाही.

गोचीड दिसले म्हणून उसावर फवारायचं औषध अंगाला लावू नका. आमच्याकडं सर्रास करतात. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. रविवारचा उरलेला रस्साही नको, कांदा त्यांना बाधतो. भाकरी आणि उकडलेलं अंडं पुरे.

घरात लहान पोरं असतील तर हे पक्कं ध्यानात ठेवा: चावली किंवा दात लागून ओरखडा उठला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. चटणी, हळद, चुना भरायचा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. कुत्रीवर १० दिवस लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी लस लांबवायची नाही.

तुमच्या कुत्रीच्या गळ्यातही दोरी असेल तर घर मिळायची वाट बघू नका, आधी भाकरी पुढं ठेवा आणि ती खाण्यात गुंतली की हळूच कातरीनं कापा. तांबडीची कापताना मीच घाबरलो होतो. ती मात्र मान वर करून गप्प उभी राहिली.